चंद्रभागेच्या माहेरची वाट

सज्जनहो, पंढरी हे आपले माहेर, हे कोणाही वारकऱ्यास सांगावे लागत नाही. पण ज्या चंद्रभागेत आपण स्नान करतो तिचे माहेर कोठे, असे विचारले तर पुष्कळ मंडळी घटकाभर विचारात पडतात. चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपुरापाशी तिचा प्रवाह चंद्रकोरीसारखा वळतो, म्हणून तेथे तिचे नाव चंद्रभागा. तिचा उगम पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, श्रीक्षेत्र भीमाशंकर येथे आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. तेथून निघालेली भीमा खेड, दौंड करीत पंढरीस येते आणि पुढे रायचूरजवळ कृष्णेस मिळते. एकूण वाट सुमारे ८६१ किलोमीटरांची. तुळापुरास तिला इंद्रायणी मिळते, म्हणजे देहू-आळंदीचे पाणी मिळते. नरसिंगपुरास नीरा मिळते, आणि त्या नीरेत सासवडची कऱ्हा आधीच येऊन मिसळलेली असते. ज्ञानोबाराय, तुकोबाराय आणि सोपानकाका यांच्या गावांचे पाणी असे एक होऊन पांडुरंगाच्या पायांशी येते. आपली वारी जुनी खरी, पण पाण्याची वारी तिच्याहूनही जुनी.

आता भीमाशंकरास जाणारे आपले लोक काय करतात? एस. टी.ने किंवा मोटारीने जातात, पायऱ्या उतरतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परतीची गाडी गाठतात. देवदर्शन झाले, यात्रा झाली! पण देवाच्या भोवती जे रान उभे आहे, ज्याच्या मुळांशी भीमेचे पाणी साठते, त्याचे दर्शन राहूनच जाते. सोन्याच्या ताटाकडे न पाहता नुसता घास गिळावा, तसे हे झाले. म्हणून आजचा पाठ त्या रानाचा आहे. रानातून कसे चालावे, काय पहावे, आणि पाहिल्यावर आपल्यावर कोणते ऋण येते, एवढेच त्यात सांगायचे आहे.

मंदिरापासून एक पायवाट गुप्त भीमाशंकराकडे जाते. दोनेक किलोमीटरांची वाट. वाटेत साक्षी विनायकाचे स्थान लागते. उगमापाशी दिसणारी भीमा लुप्त होते आणि रानात पुढे पुन्हा प्रकट होते, अशी तिथली श्रद्धा आहे. ते ठिकाण म्हणजे गुप्त भीमाशंकर. पावसाळा सोडला तर ही वाट अवघड नाही. बेताने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांनाही ती झेपते. पावसात मात्र दगड निसरडे होतात, ओढा फुगतो. तेव्हा जाऊ नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम.

अवधूताची शाळा

प्रथम शास्त्राधार पाहू. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर आपली विस्तृत मराठी टीका केली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, काशीस ती पूर्ण केली. त्यात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. कोण बरे हे गुरू? पृथ्वी, वारा, पाणी, कपोत, अजगर, भुंगा, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी! माणसे त्यात थोडी, आणि सृष्टीतील जीवच फार. या गुरूंपैकी एकानेही अवधूताला बसवून उपदेश केला नाही. कपोत आपला संसार करीत होता, कोळी आपले जाळे विणीत होता. अवधूताने ते स्थिर चित्ताने पाहिले, म्हणून तो शिकला. अवधूताची सारी विद्या पाहण्यातून आली, हे लक्षात ठेवावे.

आमच्या पाठशाळेत धातुपाठ घोकताना एक गंमत ध्यानी आली होती, ती येथे सांगण्यासारखी आहे. ‘मृग’ आणि ‘मार्ग’ हे दोन्ही धातू ‘अन्वेषण’ म्हणजे शोधणे या एकाच अर्थाने पठण केलेले आहेत. रानातले जनावर ते मृग, आणि रानातली वाट तो मार्ग. दोन्हीच्या पोटात शोध आहे. तेव्हा वाटेने चालणे आणि वनचरांना न्याहाळणे ही दोन कामे वेगळी नाहीतच. चालावे ते शोधीत चालावे.

पहिला पाठ : पायांचा

आषाढीच्या वाटेवर आपण मुक्काम गाठण्यासाठी चालतो. पावले टाळावर पडतात. रानात ती चाल उपयोगाची नाही. येथे वीस पावले चालावे आणि थांबावे. थांबल्यावर लगेच बोलू नये. शंभर श्वास मोजावेत. आपण आलो म्हणून गप्प झालेले रान तेवढ्या वेळात पुन्हा आपल्या कामाला लागते.

खाली मान घालून चालणाऱ्यासही रान पुष्कळ सांगते. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळे पडलेली दिसली तर वर कोणी तरी जेवून गेले, किंवा अजून जेवते आहे, असे समजावे. ओल्या मातीत दुभंगलेल्या खुराचा ठसा असेल तर सांबर, भेकर किंवा डुक्कर गेले. लहानमोठ्या आकारावरून जाणता माणूस फरक सांगतो. गोल पंजाचा ठसा असेल आणि पुढे नखांच्या खुणा उमटल्या असतील तर तो कुत्र्याचा समजावा. नखे उमटली नसतील तर मांजराच्या कुळातला, कारण ही जात चालताना नखे आत ओढून घेते. या रानात बिबट्या आहे. दिवसा वाटेवर तो सहसा कोणाला दिसत नाही, तरी उजेड असतानाच परत फिरावे आणि मुलांना पुढे एकटे धावू देऊ नये. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा लांब काटा सापडला तर तो साळिंदराचा. पहावा आणि तेथेच ठेवावा.

वाट सोडून आडवे जाऊ नये. आपल्याला जो पालापाचोळा वाटतो त्याखाली पुढल्या पन्नास वर्षांची झाडे बोटभर उंचीची होऊन उभी असतात.

दुसरा पाठ : कानांचा

कीर्तनकाराला कानाचे महत्त्व कोणी सांगावे? तरी सांगतो, रानात डोळ्यांच्या आधी कान उघडावे. दाट झाडीत पाखरू दिसायला वेळ लागतो, ऐकू ते लगेच येते. तांबट पक्षी ‘टुक टुक टुक’ असा एकाच लयीत ठेका धरतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, म्हणून त्याचे नाव तांबट. ओढ्याच्या अंगाला पहाटे माणसाने शीळ घालावी तशी लांबलचक शीळ ऐकू आली तर कोण मुलगा एवढ्या सकाळी रानात आला म्हणून शोधू नये. तो शीळकरी कस्तूर. निळसर काळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यावर झगझगीत निळाई. त्याचे गाणे आपल्या पट्टीत बसत नाही, पण ऐकून मन निवते.

आणि वर फांद्यांत ‘कट्‌ कट्‌ कट्‌’ असा मोठा, खडखडीत आवाज सुरू झाला तर तेथेच थबकावे. शेकरूने आपल्याला पाहिले आहे, असा त्याचा अर्थ.

हा पाठ साधायचा तर टाळ-मृदंग पिशवीत ठेवावे, आणि मोबाईलवर अभंग लावून तर मुळीच चालू नये. भजन आपले प्राण आहे, पण मंदिरात नामगजर जसा शोभतो तसे रानात मौन शोभते. तुकोबाराय भंडारा-भामचंद्राच्या डोंगरांवर एकांतासाठीच जात होते ना? झाडेवेली आणि पाखरे यांना त्यांनी आपले नातलग मानले. नातलगाच्या घरी गेल्यावर आपणच सारखे बोलत राहिलो तर त्याचे काय ऐकणार?

तिसरा पाठ : डोळ्यांचा

आता त्या शेकरूचे दर्शन घेऊ. शेकरू म्हणजे मोठी झाडावरची खार. अंगणातल्या खारीच्या मानाने हा केवढा तरी मोठा जीव, वजनाला दोन किलोच्या आसपास. पाठ गर्द तांबूस-तपकिरी, पोट फिकट पिवळसर, आणि झुबकेदार शेपटी अंगापेक्षा लांब, टोकाला फिकी. फांदीच्या टोकाशी जाऊन मागच्या पायांवर उलटे लोंबकळत, पुढच्या दोन हातांनी फळ धरून खाणारे शेकरू एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. महाराष्ट्राने याच प्राण्याला राज्यप्राणी मानले आहे. भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरांचा हा टापू पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरला आहे, आणि शेकरूसाठी तो विशेष प्रसिद्ध आहे.

शेकरूची एक गोष्ट मात्र बारकाईने पहावी. ते जमिनीवर सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर, वीस-वीस फुटांची झेप घेत त्याचा सारा प्रवास वरच्या वर चालतो. काटक्या-पाने गुंफून ते चेंडूसारखे मोठे घरटे बांधते, तेही फांदीच्या बारीक टोकाकडे, जेथे जड शत्रूला पोचता येत नाही. एक घरटे बांधून ते थांबत नाही. आपल्या टापूत अनेक बांधते. एकात झोप, दुसऱ्यात पिले. वनखात्याची माणसे शेकरूंचा अंदाज घेताना ही घरटीही मोजतात.

मग विचार करा. झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतील तोवर शेकरूची वाट अखंड. मधली चार झाडे पडली, वाट रुंद केली, तर त्याची वाट तुटली. मग त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि तेथे कुत्रे आणि बिबटे असतात. आपल्या दृष्टीने रानात चार झाडे कमी झाली. शेकरूच्या दृष्टीने नदीवरचा पूल पडला.

आणखी एक दर्शन सकाळच्या दवात घ्यावे. दोन झुडपांमध्ये कोळ्याचे जाळे टांगलेले असते. अवधूताने कोळ्यावरून शिकवण घेतली ती अशी की, तो आपल्याच पोटातून धागा काढतो, त्यात विहरतो आणि पुन्हा तो गिळतो. तसाच ईश्वर हे विश्व पसरतो आणि आवरून घेतो. पुष्कळांना ही नुसती उपमा वाटते. पण कोळ्यांच्या कित्येक जाती खरोखरच जुने झालेले जाळे खाऊन टाकतात आणि नवे विणतात. भागवतकारांनी डोळे उघडे ठेवूनच दृष्टांत दिला होता!

वाटेच्या कडेला कारवीची झुडपे दिसतील. ही सात वर्षांनी एकदा फुलते, निळ्या-जांभळ्या फुलांनी डोंगर भरून टाकते, बी धरते आणि वाळून जाते. आपल्या फेरीत ती फुललेली नसली तर हिरमुसू नये. सहा वर्षे जी मुकाट्याने उभी असते, तिलाही नमस्कार करावा.

चौथा पाठ : हातांचा

हा पाठ सर्वांत अवघड, कारण येथे आपल्या चांगल्या भावनेलाच आवर घालायचा आहे. मंदिराच्या वाटेवर वानरे येतात. हनुमंताचे रूप म्हणून आपण त्यांना केळी, बिस्किटे, पेढे देतो. कोणी म्हणेल, “महाराज, भूतदया हा तर वैष्णवांचा धर्म. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेतल्या गाढवाला पाजली. मग आम्ही वानराला केळे दिले तर बिघडले काय?”

प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तरही नीट ऐकावे. कथेतले गाढव तहानेने तडफडत होते. त्याला पाणी हवे होते आणि नाथमहाराजांनी पाणीच दिले. त्यांनी आधी त्या जीवाची गरज पाहिली, मग हात पुढे केला. रानातले वानर उपाशी नाही. काळ्या तोंडाच्या या वानराचे पोट पाला पचविण्यासाठीच देवाने घडविलेले आहे. कोवळी पाने, कळ्या, फळे हे त्याचे अन्न. त्याला साखर आणि मैदा आपण शिकवितो. एकदा चव लागली की ते रान सोडून रस्त्यावर बसते, मोटारीखाली सापडते, म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी ओढते, मुलाला ओरबाडते. मग आपणच काठी उगारतो. ज्याला हनुमंत म्हणून केळे दिले त्यालाच चोर म्हणून मारतो! ही भूतदया नव्हे, आपल्या हाताची हौस आहे. दया म्हणजे त्या जीवाला काय हवे ते ओळखणे. वानराला त्याचे झाड हवे, शेकरूला जुळलेले शेंडे हवेत, पाखराला शांतता हवी. एवढे दिले म्हणजे अन्नदानाचे पुण्य पदरात पडले असे समजावे.

हातांचे आणखी नियम थोडक्यात सांगतो. आपण नेलेली प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर परत यावी: प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, उदबत्तीचे पुडके, सारे काही. फुले तोडून देवाला वाहू नयेत. ती तेथे आधीच वाहिलेली आहेत. विडी-काडी पेटवू नये. कड्याला किंवा उंच झाडाला आग्यामोहोळ असेल तर धूर, दगड आणि आरडाओरडा यांपासून दूर रहावे. माश्या उठल्या तर जिवावर बेतते. आणि झाडांवर, खडकांवर नावे कोरू नयेत. नाव लिहायचेच तर विठ्ठलाचे, तेही मनात.

रान आणि नदी

आता या चारही पाठांचे फळ सांगतो. सह्याद्रीच्या या माथ्यावर ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाऊस कोसळतो. ते पाणी उघड्या खडकावर पडले तर मातीसकट धावत सुटते. नदीला चार दिवस पूर येतो, माती धरणांत जाऊन गाळ होऊन बसते, आणि पौषात झरा कोरडा पडतो. तेच पाणी रानावर पडले तर आधी पानांवर, मग फांद्यांवर, मग पाचोळ्यावर थांबत थांबत उतरते, मुळांच्या वाटेने जमिनीत शिरते आणि पुढे कितीतरी दिवस थेंबाथेंबाने झऱ्यात येते. जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर, आंबा ही झाडे म्हणजे भीमेच्या दाराशी उभे असलेले पहारेकरी आहेत.

आणि ही झाडे लावली कोणी? फार थोडी माणसाने. जांभळाची बी पाखरांनी टाकली, उंबराची वटवाघळांनी नेली, कोठे कोणा जनावराच्या विष्ठेतून रुजली. आपण पाहिलेले ते लहानसहान जीव या नदीचे माळी आहेत. माळ्यांना हुसकून लावायचे आणि बाग हिरवी रहावी म्हणून प्रार्थना करायची, हे देवालाही कोड्यात टाकणारे आहे.

डोंगरातल्या लोकांनी हे फार पूर्वी जाणले. या भागात महादेव कोळी समाजाची गावे आहेत. हिरडा गोळा करून विकणे हे त्यांच्या पोटाचे एक मोठे साधन. म्हणून हिरड्याचे झाड त्यांना घरच्यासारखे. आहुपे गावाची देवराई पहावी. देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानातले झाड तोडायचे नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. कोणत्याही कायद्याच्या आधी देवाच्या धाकाने आणि प्रेमाने ते रान राखले. रानात जाताना शक्य तर गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा, त्याला त्याचे दाम द्यावे आणि तो जे सांगेल ते शिष्यभावाने ऐकावे. आपल्याला चार ग्रंथ ठाऊक असतील, त्याला चारशे झाडे ठाऊक असतात.

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून आला. जेथून पाण्यात उतरता येते, पार होता येते, ते तीर्थ. पण पाणीच नसेल तर कशातून तरणार? वाळवंटात आपण कीर्तनाला उभे राहतो तेव्हा शेजारून वाहणाऱ्या पाण्याची एक बाजू सह्याद्रीच्या त्या झाडीत आहे, हे विसरू नये. तीर्थाची सीमा घाटाच्या पायऱ्यांपाशी संपत नाही, ती उगमाच्या रानापर्यंत जाते. म्हणून त्या रानात मंदिरात वागावे तसे वागावे.

दिंडीप्रमुखांना एक विनंती आहे. पुढच्या हिवाळ्यात आपल्या दिंडीतली दहा-पंधरा माणसे घेऊन भीमाशंकरास जावे. मोठा घोळका नको. वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. पहाटे देवदर्शन करून ऊन चढण्यापूर्वी या वाटेला लागावे. बरोबर दोन-तीन लहान मुले अवश्य असावीत. त्यांचे डोळे तेज असतात, शेकरू आधी त्यांनाच दिसते. परत आल्यावर प्रत्येकाने एकच सांगावे: मी आज कोणता जीव पाहिला आणि त्याच्यापासून काय शिकलो. अवधूताला चोवीस गुरू मिळाले. आपल्याला एका फेरीत एक मिळाला तरी यात्रा सफळ झाली. आणि आषाढीस चंद्रभागेत ओंजळ भराल तेव्हा त्या गुरूचेही स्मरण करावे.

रामकृष्ण हरि!